साडेपाच सेंटिमीटरची रेघ: चेरिंग क्रॉसच्या संशोधनगटाची वाटचाल

लंडनच्या पश्चिम भागात, फुलहॅम पॅलेस रोडवर चेरिंग क्रॉस हॉस्पिटलची उंच इमारत आहे. रुग्णालय मूळचं इथलं नाही. १८१८ मध्ये डॉ. बेंजामिन गोल्डिंग यांनी शहराच्या मध्यभागी गोरगरिबांसाठी जो दवाखाना उघडला, त्यातून ते वाढलं. आफ्रिका पालथी घालणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि डार्विनची बाजू हिरिरीने लढवणारा थॉमस हक्स्ली या दोघांनीही वैद्यकाचे धडे इथे गिरवले. १९७३ मध्ये रुग्णालय हॅमरस्मिथजवळच्या आजच्या जागेत आलं. नाव मात्र चेरिंग क्रॉस या जुन्या चौकाचंच राहिलं.

या रुग्णालयातल्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या विभागाने आणि त्याभोवती जमलेल्या संशोधकांनी गेल्या चार दशकांत जे काम केलं, त्याची ही वाटचाल. पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा कधी दुरुस्त करायचा, कसा करायचा आणि कोणाच्या बाबतीत करायचा, हे तीन प्रश्न या गटाने मोठमोठ्या चाचण्या घेऊन सोडवायचं ठरवलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जगभर पोचली. तिसऱ्या प्रश्नात स्त्रिया आल्या, आणि तिथे गटाला स्वतःच्याच आधीच्या आकड्यांकडे पुन्हा वळावं लागलं. मला या कहाणीतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आधी आजाराविषयी थोडं. हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या पातळीला दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. पोटातल्या भागात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते, स्त्रियांत त्याहून थोडी कमी. भिंतीतले लवचीक तंतू झिजले की ती हळूहळू फुगत जाते. रुंदी ३ सेंटिमीटर झाली की डॉक्टर तिला ॲन्युरिझम म्हणतात. वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि घराण्यात कोणाला तरी हा आजार असणं ही मुख्य कारणं. फुगा वाढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत तो अचानक दिसतो, किंवा फुटतो तेव्हाच कळतो. फुटल्यावर बरेच रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत.

१९५१ मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी असा फुगा कापून त्या जागी मृत माणसाच्या धमनीचा तुकडा बसवला. पुढे कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या आणि शस्त्रक्रिया सर्वत्र होऊ लागली. तरीही ती मोठीच होती. पोट उघडायचं, महाधमनीला चिमटा लावून रक्तप्रवाह थांबवायचा, नळी शिवायची. ब्रिटनमध्ये या नियोजित शस्त्रक्रियेत शंभरातले पाच-सहा रुग्ण महिनाभरात दगावत होते. मग चार-साडेचार सेंटिमीटरचा फुगा दिसला की लगेच पोट उघडायचं, की वाट पाहायची? जो तो सर्जन आपापल्या अनुभवावर ठरवी.

चेरिंग क्रॉसला तेव्हा शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते रॉजर ग्रीनहाल्ग. १९७८ मध्ये त्यांनी तिथे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेवर परिसंवाद सुरू केला. वादाचे मुद्दे समोरासमोर मांडून पुराव्याने तोलायचे, ही त्याची रीत. चेरिंग क्रॉस सिम्पोझियम या नावाने तो पुढे जगभरच्या सर्जनांचा मेळावा झाला. ग्रीनहाल्ग यांच्या जोडीला जॅनेट पॉवेल आल्या. मूळच्या जैवरसायनशास्त्रज्ञ. धमनीची भिंत का झिजते, तिच्यातली प्रथिनं कशी तुटतात, हा त्यांचा अभ्यास. एक हातात सुरी धरणारा, दुसरी भिंतीच्या रेणूंपर्यंत जाणारी. संशोधनगटाला असं नेतृत्व लाभणं ही भाग्याची गोष्ट.

या दोघांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘यूके स्मॉल ॲन्युरिझम ट्रायल’ सुरू झाली. पैसा मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा. देशभरातली ९३ रुग्णालयं सामील झाली. वय ६० ते ७६, फुगा ४ ते ५.५ सेंटिमीटर, शस्त्रक्रिया झेपेल अशी तब्येत असे १,०९० रुग्ण घेतले गेले. ५६३ जणांची लगेच शस्त्रक्रिया ठरली. ५२७ जणांची ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत राहायची आणि फुगा ५.५ च्या पुढे गेला, भरभर वाढला किंवा दुखू लागला तरच हात घालायचा, असं ठरलं. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं यदृच्छेने. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. लवकर शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही, आणि नियमित तपासणीखाली असलेला लहान फुगा फुटण्याचा धोका वर्षाला सुमारे एक टक्का. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या अशाच चाचणीनेही तेच सांगितलं.

साडेपाच सेंटिमीटरची रेघ अशी ठरली. मुंबईच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात एखाद्या आजोबांच्या सोनोग्राफीचा अहवाल पाहून सर्जन ‘अजून थांबू, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू’ म्हणतात, तेव्हा त्या सल्ल्यामागे हेच पुरावे असतात. हजारो माणसांची अनावश्यक शस्त्रक्रिया या रेघेमुळे टळली, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण त्या १,०९० रुग्णांत स्त्रिया होत्या १८८. अमेरिकेतल्या चाचणीत १,१३६ रुग्ण होते आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक पुरुष. याला कारण होतं. हा आजार पुरुषांत खूप जास्त आढळतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टरमध्ये अ‍ॅलन स्कॉट यांनी ६५ ते ८० वयाच्या स्त्रीपुरुषांची तपासणी केली, तेव्हा पुरुषांत ७.६ टक्के आणि स्त्रियांत १.३ टक्के ॲन्युरिझम सापडले. स्त्रियांना हा आजार होतोही उशिरा, पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षांनी. साठ ते शहात्तर ही अट घातली की बऱ्याच स्त्रिया बाहेरच राहतात.

तरी १८८ स्त्रियांची नोंद होती. ती नोंद कोणी वेगळी काढून वाचणार का, एवढाच प्रश्न होता. लुईस ब्राउन या संख्याशास्त्रज्ञ आणि जॅनेट पॉवेल यांनी ती वाचली. चाचणीतले रुग्ण आणि चाचणीबाहेर राहिलेले पण तपासणीखाली असलेले रुग्ण मिळून २,२५७ जणांचा अभ्यास त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. १०३ फुगे फुटले होते. फुग्याचा आकार, धूम्रपान, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही स्त्रियांत तो फुटण्याचा धोका पुरुषांच्या तिप्पट निघाला. फुटण्याआधीची सरासरी रुंदी पुरुषांत ६ सेंटिमीटर, स्त्रियांत ५. पुढे २००२ मध्ये दीर्घकालीन निकाल आले, तेव्हा दिसलं की चाचणीतल्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी ५ टक्के फुगा फुटून झालेले होते, तर स्त्रियांच्या मृत्यूंपैकी १४ टक्के.

म्हणजे ज्या गटाने साडेपाचची रेघ आखली, त्याच गटाने वर्षभरात सांगितलं की स्त्रियांचा फुगा त्या रेघेच्या अलीकडेच फुटू शकतो. याचा अर्थ सरळ होता. स्त्रीची मूळ धमनीच अरुंद, त्यामुळे पाच सेंटिमीटर हा तिच्यासाठी प्रमाणाने मोठा फुगा. मात्र १८८ ही संख्या नवी रेघ ठरवायला पुरेशी नव्हती, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे मानलं. वैद्यकाच्या इतिहासात अनेक धोके असेच ‘पुरेशी संख्या नाही’ या वाक्यापाशी अडून राहिलेले दिसतात. हा धोका अडून राहिला नाही याचं श्रेय मुख्यतः पॉवेल यांच्या चिकाटीला.

दरम्यान शस्त्रक्रियेची पद्धतच बदलली होती. खार्किवच्या निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत, तर ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या महाधमनीत आतून नळी बसवली. जांघेतल्या धमनीतून कापडी आवरणाची, धातूच्या जाळीची घडी केलेली नळी वर सरकवायची. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली ती उघडायची. रक्त नळीतून वाहू लागतं आणि फुग्यावरचा दाब उतरतो. पोट उघडावं लागत नाही, महाधमनीला चिमटा लावावा लागत नाही. डॉक्टर या पद्धतीला ईव्हार म्हणतात.

नवी पद्धत आली की उत्साह येतो, कंपन्या येतात. चेरिंग क्रॉसच्या गटाने पुन्हा चाचणी घेतली. १९९९ ते २००४ या काळात ‘ईव्हार-१’ मध्ये ३७ रुग्णालयांतले १,२५२ रुग्ण आले. साठीच्या पुढचे, फुगा किमान ५.५ सेंटिमीटर, आणि ज्यांची धमनी नळी बसवण्याजोगी होती असे. सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या निकालात पहिल्या महिन्यातले मृत्यू उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के, ईव्हारमध्ये १.७. हा फरक इतका ठळक होता की पुढच्या काही वर्षांत अनेक देशांत ईव्हार हीच पहिली निवड झाली.

या १,२५२ जणांत स्त्रिया दहात जेमतेम एक. आणि या वेळी त्या कमी असण्याला आणखी एक कारण होतं. ‘धमनी नळी बसवण्याजोगी’ ही अटच पुष्कळ स्त्रियांना बाहेर ठेवत होती.

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण स्त्रियांतल्या ईव्हारच्या निकालाचं मूळ याच शरीररचनेत आहे. नळी घट्ट बसायला फुग्याच्या वर, मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली, निरोगी धमनीचा सरळ तुकडा लागतो. सर्जन त्याला ‘नेक’ म्हणतात. बहुतेक उपकरणांना तो किमान दहा-पंधरा मिलिमीटर लांब हवा आणि फार वाकलेला नको. स्त्रियांत हा भाग बऱ्याचदा आखूड असतो आणि जास्त वळलेला. तिथे नळी नीट चिकटली नाही की रक्त तिच्या बाजूने फुग्यात शिरत राहतं. याला एंडोलीक म्हणतात, आणि वरच्या टोकाचा एंडोलीक धोकादायक. दुसरी अडचण खालची. जांघेतून वर जाणाऱ्या धमन्या स्त्रियांत अरुंद असतात, वयाने त्यांत चुना साचलेला असतो. सुरुवातीच्या उपकरणांच्या वेष्टनाची जाडी वीस फ्रेंचच्या आसपास किंवा त्याहून जास्त होती. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा जवळपास सात मिलिमीटर जाडीची वस्तू तेवढ्याच किंवा त्याहून अरुंद वाटेने न्यायची. धमनी फाटते, पायाचा रक्तपुरवठा तुटतो, रक्तस्राव होतो. पुढे १४ फ्रेंचपर्यंत बारीक उपकरणं आली, ती स्त्रियांसाठी मोठीच सोय ठरली. नेकच्या अडचणीवर मात्र उपकरण बारीक करून उपाय होत नाही.

ईव्हार-१ चा पाठपुरावा गटाने सोडला नाही. २०१६ मध्ये पंधरा वर्षांचे निकाल आले. सुरुवातीचा फायदा पुढे पुसला गेला होता. आठ वर्षांनंतरच्या काळात तर ईव्हार झालेल्यांमध्ये ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू जास्त होते, आणि त्यांतले बरेच नळी बसवूनही फुगा फुटल्यामुळे. आयुष्यभर तपासणी चालू ठेवणं किती गरजेचं आहे हे त्यातून कळलं. चाचणी प्रसिद्ध झाली, सत्कार झाले, पुढच्या कामाला लागलो, असं करणारे गट खूप असतात. पंधरा वर्षं रुग्णांच्या मागावर राहून स्वतःच्याच गाजलेल्या निकालाला मर्यादा घालणारे थोडे.

या काळात संस्थेचं रूपही बदलत गेलं. १९९७ मध्ये चेरिंग क्रॉस आणि वेस्टमिन्स्टरचं वैद्यकीय महाविद्यालय इम्पीरियल कॉलेजमध्ये विलीन झालं. २००७ मध्ये चेरिंग क्रॉससह हॅमरस्मिथ आणि सेंट मेरीज यांच्या रुग्णालयांचा एकच ट्रस्ट झाला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या पेनिसिलिनसाठी ओळखलं जाणारं सेंट मेरीज हे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतही जुनं नाव, तिथे फीलिक्स ईस्टकॉट यांनी १९५४ मध्ये मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची गाजलेली शस्त्रक्रिया केली होती. पाट्या बदलल्या, पण चाचण्यांचा वारसा टिकला.

पुढची चाचणी फुटलेल्या फुग्यांची. ‘इम्प्रूव्ह’ हे तिचं नाव. फुटलेला ॲन्युरिझम घेऊन रुग्ण मध्यरात्री येतो, रक्तदाब कोसळलेला, कुटुंब हवालदिल. अशा वेळी चाचणी घ्यायची हीच धाडसाची गोष्ट. रुग्णाला पाहून ‘फुगा फुटलाय’ असं निदान झाल्याबरोबर यदृच्छेने वाट ठरायची. एका वाटेत आधी सीटी स्कॅन करायचा आणि धमनी योग्य असेल तर ईव्हार, नसेल तर उघडी शस्त्रक्रिया. दुसऱ्या वाटेत थेट उघडी शस्त्रक्रिया. २००९ ते २०१३ मध्ये ३० रुग्णालयांत ६१३ रुग्ण आले. यांतलं एक रुग्णालय कॅनडातलं, बाकी ब्रिटनमधली.

२०१४ मध्ये निकाल आले. तीस दिवसांतले मृत्यू ईव्हारच्या वाटेत ३५.४ टक्के, उघड्या वाटेत ३७.४. फरक नगण्य. वाचणाऱ्याने इथेच पान उलटलं असतं. पण या ६१३ जणांत ४८० पुरुष आणि १३३ स्त्रिया होत्या, आणि या वेळी स्त्रियांचा हिशेब आधीपासूनच वेगळा ठेवलेला होता. ईव्हारच्या वाटेतल्या ७० स्त्रियांपैकी २६ गेल्या, म्हणजे ३७ टक्के. उघड्या वाटेतल्या ६३ पैकी ३६ गेल्या, म्हणजे ५७ टक्के. पुरुषांत असा फायदा नव्हता. त्याच चाचणीतल्या स्कॅनच्या अभ्यासातून एक धागा हाती लागला. नेक जितका आखूड तितके उघड्या शस्त्रक्रियेतले मृत्यू जास्त, कारण आखूड जागेत चिमटा लावणं आणि नळी शिवणं सर्वांत कठीण. स्त्रियांत आखूड नेक जास्त, तेव्हा पोट उघडण्याची किंमतही त्याच जास्त मोजत होत्या. तीन वर्षांनी सगळ्या रुग्णांचे मिळून मृत्यू पाहिले तर ईव्हारच्या वाटेत ४८ टक्के आणि उघड्या वाटेत ५६ टक्के होते.

१३३ हा आकडा लहान आहे, हे खरं. पण तो हाताशी होता म्हणून २०२० मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढताना स्पष्ट लिहिलं की फुटलेल्या फुग्यात ईव्हारचा फायदा बहुतेकांना उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त मिळतो, विशेषतः सत्तरीपुढच्या पुरुषांना आणि कुठल्याही वयाच्या स्त्रियांना. ‘कुठल्याही वयाच्या स्त्रियांना’ हे शब्द राष्ट्रीय सूचनेत येण्यामागे त्या १३३ जणी आहेत. मध्यरात्री बेशुद्धीच्या उंबरठ्यावर त्यांना चाचणीत घेतलं गेलं होतं. त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता उलट बाजू. न फुटलेल्या फुग्यावर नियोजित ईव्हार केल्यावर स्त्रियांचं काय होतं? त्यासाठी पॉवेल आणि पिनार उलुग यांनी लेस्टर, केंब्रिज इथल्या संख्याशास्त्रज्ञांसह ‘स्वान’ हा अभ्यास हाती घेतला. जगभरचे प्रसिद्ध अभ्यास एकत्र केले. त्यांतल्या मृत्यूंच्या हिशेबात ५२,०१८ पुरुष आणि ११,०७६ स्त्रिया होत्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या लेखात तीन आकड्यांच्या जोड्या आहेत, आणि तिन्ही विचारात पाडणाऱ्या.

पहिली जोडी योग्यतेची. ईव्हारसाठी धमनीची रचना योग्य असलेल्या स्त्रिया ३४ टक्के, पुरुष ५४ टक्के. दुसरी जोडी नकाराची. तपासून शेवटी काहीच शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रिया ३४ टक्के, पुरुष १९ टक्के. तिसरी मृत्यूंची. नियोजित ईव्हारनंतर महिनाभरातले मृत्यू स्त्रियांत २.३ टक्के, पुरुषांत १.४. उघड्या शस्त्रक्रियेत ५.४ आणि २.८.

या आकड्यांत सर्वांत कमी बोलली जाते ती मधली जोडी. मृत्यूंचं प्रमाण मोजलं जातं ते शस्त्रक्रिया झालेल्यांचं. शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत जाऊच न शकलेली स्त्री कुठल्याही सर्जनच्या निकालपत्रात दिसत नाही. दर तीन स्त्रियांतली एक तशी आहे. ती वयाने मोठी असते, कधी हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असतो, आखूड नेकमुळे साधा ईव्हार जमत नाही आणि उघडी शस्त्रक्रिया झेपणार नाही असं ठरतं. मग तिला घरी पाठवलं जातं. या घरी पाठवण्याचे परिणाम मोजायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. स्त्रियांतल्या ईव्हारचा निकाल चांगला की वाईट हे ठरवताना केवळ नळी बसवलेल्यांकडे पाहणं अपुरं आहे.

मृत्यूंतल्या फरकाचं काय? स्त्रिया उपचाराला येतात तेव्हा वयाने मोठ्या असतात, म्हणून हा फरक दिसतो, असं पूर्वी समजलं जाई. वयाचा हिशेब धरूनही तो पुरता जात नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून कळत गेलं. इम्पीरियलच्याच अ‍ॅना लुईस पाउन्सी यांनी पॉवेल आणि कॉलिन बिकनेल यांच्यासह उपलब्ध अभ्यासांचं संकलन केलं, त्यातही ईव्हारनंतर स्त्रियांना धमनीची इजा, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, मूत्रपिंड आणि हृदयाच्या तक्रारी जास्त होतात असं पुढे आलं. पुन्हा तीच अरुंद वाट, तेच वळण. नळी पोचवायला जास्त वेळ, जास्त रंगद्रव्य, जास्त रक्त जाणं.

यातून मार्ग कुठला? इंग्लंडमध्ये २००९ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत पासष्टीला पोचलेल्या पुरुषांना एकदा सोनोग्राफीचं निमंत्रण जातं. स्त्रियांना जात नाही. ते जावं का, याचा हिशेबही स्वान गटानेच मांडला. मायकेल स्वीटिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. पासष्टीच्या स्त्रियांत ॲन्युरिझमचं प्रमाण ०.४३ टक्के धरलं, तर एक मृत्यू टाळायला ३,९०० जणींना बोलवावं लागेल, आणि उत्तम आरोग्याच्या एका वर्षामागे खर्च ३०,००० पौंडांच्या आसपास येईल. आकडे अनिश्चित, कारण स्त्रियांविषयीची मूळ माहितीच अपुरी. सरसकट तपासणीची शिफारस त्यांनी केली नाही. आपण वर्षानुवर्षं ज्या प्रश्नासाठी झगडलो त्याच्याच विरुद्ध जाणारं उत्तर निघालं तर ते तसंच छापायचं, ही शिस्त मला या गटाच्या कामात पुन्हा पुन्हा दिसते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये धूम्रपान केलेल्या ज्येष्ठ स्त्रियांबाबत ‘पुरावा अपुरा’ एवढंच म्हटलं आहे. भारतात पुरुषांसाठीही अशी राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. इथे स्त्रीचा फुगा सापडतो तो योगायोगानेच. म्हणून साठीपुढच्या बाईंची पोटाची सोनोग्राफी कुठल्याही कारणाने होत असेल, त्यांनी वर्षानुवर्षं धूम्रपान केलं असेल किंवा भावाला, आईवडिलांना हा आजार झाला असेल, तर महाधमनीची रुंदी मोजून अहवालात लिहायला डॉक्टरांना जरूर सांगावं. त्याला वेगळा खर्च पडत नाही.

साडेपाचच्या रेघेचं पुढे काय झालं? अमेरिकेच्या रक्तवाहिन्या-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१८ मध्ये आणि युरोपच्या संघटनेने २०१९ मध्ये स्त्रियांसाठी ५ सेंटिमीटरपासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असं म्हटलं. नाइसने मात्र स्त्रियांसाठी वेगळी रेघ ठेवली नाही. एकाच आजारावर, त्याच पुराव्यावर दोन मतं, कारण पुरावा एका बाजूला जाईल इतका जड नाही. लवकर शस्त्रक्रिया करावी तर स्त्रियांत शस्त्रक्रियेचाच धोका जास्त. थांबावं तर फुगा लवकर फुटतो. शिवाय थांबण्यात आणखी एक तोटा संभवतो. फुगा मोठा होत जातो तसा नेक आखडत, वाकत जातो आणि लहान असताना ईव्हार जमला असता तो पुढे जमेनासा होतो.

हा शेवटचा मुद्दा घेऊनच इम्पीरियलच्या गटाने नवी चाचणी उभी केली आहे. नाव ‘वॉरियर्स’. फक्त स्त्रियांची. लहान ॲन्युरिझम असलेल्या आणि ईव्हारला योग्य धमनी असलेल्या स्त्रियांना दोन गटांत विभागायचं. एका गटाचा ईव्हार लगेच करायचा, दुसऱ्या गटाची नेहमीची तपासणी चालू ठेवायची. रचना १९९१ च्या चाचणीशी मिळतीजुळती आहे. फरक दोन. पोट उघडण्याच्या जागी ईव्हार आला, आणि ज्यांची संख्या तेव्हा १८८ होती त्यांच्यासाठीच आता सगळी चाचणी आहे.

त्यासाठी हजाराहून अधिक स्त्रिया हव्यात, आणि त्या मिळवणं सोपं नाही. स्त्रियांना तपासणीचं निमंत्रण जात नसल्याने लहान फुगा असलेली बाई सापडते ती दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये. एका देशातल्या रुग्णालयांतून पुरेशा संख्येने अशा बायका मिळत नाहीत, म्हणून ब्रिटनबाहेरची केंद्रंही जोडून घेतली आहेत. ॲन्युरिझममुळे आलेला मृत्यू आणि जगण्याची प्रत या दोन्हींवर निकाल तोलला जाणार आहे, आणि ईव्हार-१ चा अनुभव पाहता नळी बसवलेल्यांचा पाठपुरावा पुढेही बरीच वर्षं चालू ठेवावा लागेल.